भारतातलं सिम काढू नका! युरोपला निघालेल्यांसाठी मोबाइल नेटचा वाटाड्या

आई-बाबा पहिल्यांदा युरोप टूरला गेले, तेव्हा पॅरिसमध्ये बाबांनी हौसेने तिथलं सिम विकत घेतलं. दुकानातल्या पोराने फोनमधलं आपलं सिम काढलं, नवं घातलं आणि जुनं एका टिश्यू पेपरच्या पुडीत बांधून बाबांच्या हातात दिलं. ती पुडी रात्री हॉटेलवर आईने कचरा समजून टाकून दिली. नेट झकास चालत होतं. आयफेल टॉवरसमोरून व्हिडिओ कॉल झाले, फॅमिली ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. तिसऱ्या दिवशी बँकेच्या अ‍ॅपने ओटीपी मागितला, आणि तो ओटीपी गेला पॅरिसच्या कचराकुंडीत. उरलेली सगळी टूर दोघांनी रोख युरो मोजत काढली.

तेव्हापासून घरातलं किंवा सोसायटीतलं कुणी परदेशी निघालं की आठवडाभर आधी त्यांचा फोन माझ्या डायनिंग टेबलावर येतो. त्या टेबलावर मी काय काय करते ते इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरण युरोपचंच घेते. आपल्याकडच्या टूर्स लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली अशा एका दमात फिरवतात आणि नेटचे सगळ्यात जास्त खड्डे याच वाटेवर आहेत. दुबई, चीन वगैरेंचं थोडक्यात शेवटी.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

मोबाइलमधलं सिम दोन कामं करतं. एक, ते तुमचा नंबर सांभाळतं: बँकेचे ओटीपी, यूपीआय, येणारे फोन. दोन, ते नेट देतं. भारतात ही दोन्ही कामं एकच सिम करतं, म्हणून ती वेगळी आहेत हे आपल्या लक्षातच येत नाही. परदेशात ती वेगळी करायची. नंबराचं काम आपल्या भारतीय सिमने करायचं, नेटचं काम दुसऱ्या कुणीतरी. बाबांची चूक एवढीच की त्यांनी नेटसाठी नंबर काढून टाकला.

यूपीआयचं तर आणखी एक आहे. ही अ‍ॅप्स त्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये आहे का हे तपासतात. सिम बाहेर काढलंत की अ‍ॅप कुरकुरायला लागतं. फेब्रुवारी २०२४ पासून आयफेल टॉवरच्या तिकिटाचे पैसे यूपीआयने देता येतात. ती सोय वापरायची तर भारतीय सिम फोनमध्येच हवं आणि अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय सुरू केलेलं हवं.

फोन काय काय करू शकतो ते बघा

फोनच्या डायलरवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचे ओळख क्रमांक, दिसतील. त्यांच्यासोबत 'ईआयडी' नावाचा लांबलचक आकडाही दिसला, तर तुमचा फोन ई-सिम घेतो. ई-सिम म्हणजे प्लास्टिकच्या चकतीशिवायचं सिम. फोनमध्ये एक चिप आधीच बसवलेली असते आणि कंपनीची माहिती नेटवरून तिच्यात उतरते. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून ही सोय आहे. अँड्रॉइडमध्ये महागड्या फोनांत बहुधा असते, पंधरा-वीस हजारांच्या फोनांत बहुधा नसते. मॉडेलच्या नावावर विसंबू नका, आकडा डोळ्यांनी बघा. एकाच मॉडेलच्या एका देशातल्या फोनात ई-सिम असतं आणि दुसऱ्या देशातल्यात नसतं. मुख्य चीनमध्ये विकलेल्या आयफोनांत तर वर्षानुवर्षं ते नव्हतंच.

दुसरी तपासणी लॉकची. भारतात घेतलेले फोन सहसा मोकळे असतात. पण मुलाने अमेरिकेतून आणलेला किंवा भाच्याने वापरून दिलेला फोन असेल तर तो तिकडच्या कंपनीला बांधलेला असू शकतो. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे 'कॅरियर लॉक' अशी ओळ सापडेल. तिच्यासमोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असेल तर काळजी नाही. अँड्रॉइडवर सोपी परीक्षा म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणाचं, दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघणं.

फोनमध्ये दोन सिमं असतील तर कोणतं बिनकामाचं ते आत्ताच ठरवा. बहुतेक फोनांत एका वेळी दोनच सिमं चालू राहतात, मग ती चकतीची असोत की ई-सिम. बँकेचा नंबर ज्यावर आहे ते राहू द्या, दुसऱ्याची जागा परदेशी नेटला द्या.

टूरचं वेळापत्रक घ्या आणि देश मोजा

टूर कंपनीने दिलेला कागद घ्या आणि त्यातल्या देशांखाली पेन्सिलीने रेघ मारा. ही पायरी सगळे वगळतात आणि नेमके इथेच फसतात.

युरोपियन युनियनने १५ जून २०१७ पासून एक नियम केला. एका सदस्य देशाचं सिम दुसऱ्या सदस्य देशात त्याच दराने चालायला हवं. म्हणजे फ्रान्समध्ये घेतलेलं सिम बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली सगळीकडे चालतं. २७ सदस्य देश आणि शिवाय नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनश्टाइन हे देशही यात येतात.

आता आपल्या टूरकडे बघा. त्यात स्वित्झर्लंड आहे, आणि स्वित्झर्लंड या यादीत नाही. लंडन आहे, आणि ब्रिटनही युनियनमधून बाहेर पडल्यापासून या नियमात नाही. म्हणजे मराठी माणसाच्या युरोपातले दोन सगळ्यात लाडके मुक्काम यादीबाहेर! मजा म्हणजे स्वित्झर्लंडला खेटून असलेलं चिमुकलं लिश्टेनश्टाइन, जिथल्या वाडुत्झ गावात टूरची बस पासपोर्टवर हौसेचा शिक्का मारून घ्यायला थांबते, तिथे चलन स्विस फ्रँकच, पण नियम मात्र युरोपचा लागू.

काही कंपन्या आपण होऊन स्वित्झर्लंड आणि ब्रिटन यादीत घालतात, काही घालत नाहीत. त्यामुळे पाकिटावर मोठ्या अक्षरात 'युरोप' लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. मागे बारीक अक्षरात देशांची नावं असतात. त्यात 'स्वित्झर्लंड' आणि 'युनायटेड किंगडम' हे दोन शब्द स्वतः शोधा. विकणाऱ्याला विचारलंत तर तो 'हो हो, सगळीकडे चालतं' म्हणणारच.

सीमेवरची गंमत वेगळीच. मोबाइलच्या लहरींना व्हिसा लागत नाही. जिनिव्हा फ्रान्सला चिकटलेलं आहे, बाझल फ्रान्स आणि जर्मनी दोघांना. अशा ठिकाणी उभे तुम्ही एका देशात असता आणि फोन शेजारच्या देशाचा टॉवर पकडून बसतो. तुमच्या पॅकमध्ये स्वित्झर्लंड नसेल आणि तुम्ही सीमेलगत असाल, तर नेटवर्कचं 'ऑटोमॅटिक' बंद करून पॅकमध्ये असलेल्या देशाचं नेटवर्क हाताने निवडा. स्वित्झर्लंडची मोठी नेटवर्क्स तीन: स्विसकॉम, सनराइज, सॉल्ट. वरच्या पट्टीत यांपैकी नाव दिसलं की समजा, फोनने हद्द ओलांडली.

जहाजाचंही तसंच. डोव्हर ते कॅले फेरीने जाणार असाल किंवा क्रूझ असेल, तर बंदर सुटल्यावर फोन जहाजाचं उपग्रहावर चालणारं नेटवर्क पकडू शकतो. ते कुठल्याच साध्या पॅकमध्ये बसत नाही, आणि त्याचे दर ऐकून माणूस समुद्रात उडी मारेल. जहाजावर पाय ठेवला की एअरप्लेन मोड. विमानातल्या नेटवर्कलाही हाच न्याय.

एक खुलासा. हा युरोपीय नियम तिकडच्या कंपन्यांच्या सिमला लागू आहे. आपल्या भारतीय कंपनीच्या रोमिंग पॅकचा (रोमिंग म्हणजे आपल्या सिमने परक्या देशाचं नेटवर्क वापरणं) त्याच्याशी काही संबंध नाही. त्याची देशांची यादी वेगळी असते, ती वेगळी वाचा.

नेट आणायचं कुठून

वाटा चार आहेत.

पहिली, आपल्याच कंपनीचा आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक. सगळ्यात सोपी, बहुतेकदा सगळ्यात महाग. फोनमध्ये काही बदलावं लागत नाही, नंबर तोच, येणारे कॉलही त्याच पॅकमध्ये. दर सारखे बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात कंपनीच्या अ‍ॅपमध्येच बघा, मागच्या वर्षी गेलेल्या शेजाऱ्यांना विचारू नका. बघताना तीन गोष्टी बघा: देशांची यादी, रोज किती डेटा, आणि पॅकचे दिवस कधीपासून मोजतात. काही पॅक विकत घेतल्या क्षणी सुरू होतात, काही परदेशी नेटवर्क पकडल्यावर. पहिल्या प्रकारचा पॅक घरूनच घेऊन ठेवलात तर एक दिवस विमानात फुकट जातो.

दुसरी वाट, प्रवासी ई-सिम. घरी बसून विकत घ्यायचं, क्यूआर कोड येतो, तो स्कॅन करायचा, तिकडे उतरलं की नेट सुरू. भारतीय सिम जागेवरच राहतं. माझी पहिली पसंती हीच. पण यात सहसा फक्त डेटा मिळतो, फोन नंबर मिळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल होतील, हॉटेलच्या लँडलाइनला साधा फोन लागणार नाही. 'अनलिमिटेड' या शब्दावर भाळू नका, त्यातल्या बऱ्याच पॅकमध्ये रोजची ठरावीक मर्यादा संपली की वेग बैलगाडीवर येतो. आणि विकत घेताना कंपनी बघून घ्या. परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. जानेवारी २०२४ मध्ये दोन मोठ्या परदेशी ई-सिम कंपन्यांची अ‍ॅप्स याच परवानगीच्या आणि गैरवापराच्या मुद्द्यावरून भारतातल्या अ‍ॅप स्टोअर्सवरून काढली गेली. ई-सिम घरून निघण्याआधी घ्यायचं म्हणजे इथे अधिकृतपणे विकणाऱ्याकडूनच.

तिसरी वाट, तिथे उतरून तिथलंच सिम घेणं. महिना-दोन महिने मुलीकडे राहायला जाणाऱ्यांना हीच परवडते. तिकडचा नंबर मिळतो, डेटा भरपूर मिळतो. विमानतळावरच्या काउंटरपेक्षा गावातल्या दुकानात सहसा स्वस्त. पासपोर्ट जवळ ठेवा. जर्मनीत जुलै २०१७ पासून प्रीपेड सिमलाही ओळखपत्र सक्तीचं आहे, इटलीतही पासपोर्ट मागतात. ब्रिटनमध्ये मात्र सुपरमार्केटमध्ये दूध-पावाबरोबर सिम उचलून आणता येतं, कुणी काही विचारत नाही. टूरवाल्यांना ही वाट मी सुचवत नाही. बस खाली हॉर्न वाजवत असताना फ्रेंच दुकानदाराशी पॅकची चर्चा कोण करणार?

सिम घेतलंच तर ट्रे उघडायची पिन हवी. ती बारीक पिन फोनच्या खोक्यातच राहते आणि खोकं माळ्यावर. कानातल्या टॉप्सची दांडी हे काम चोख करते, हा आईचा शोध.

चौथी वाट, नेट घ्यायचंच नाही, हॉटेलच्या वायफायवर भागवायचं. पंधरा जणांच्या टूरमध्ये टूर मॅनेजर सोबत असतो, त्यामुळे अशक्य नाही. पण व्हेनिसच्या गल्ल्यांत आपला ग्रुप चुकला की तिथे हॉटेलही नसतं आणि वायफायही. निदान घरातल्या एका तरी फोनमध्ये नेट असावं, बाकीच्यांनी त्याचा हॉटस्पॉट घ्यावा. काही प्रवासी पॅकमध्ये हॉटस्पॉट चालत नाही, ते विकत घ्यायच्या आधी वाचा.

मग नेमकं काय घ्यायचं? फोन ई-सिम घेत असेल आणि बरोबर फोनाशी दोन हात करणारं कुणीतरी असेल तर ई-सिम. दोघंच ज्येष्ठ नागरिक टूरबरोबर निघाले असतील तर आपल्या कंपनीचा रोमिंग पॅक, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. बाबांना दुसऱ्या खेपेला मी तोच घेऊन दिला.

ई-सिम घरी बसवताना

हे घरच्या वायफायवर, दोन दिवस आधी, शांतपणे करा. ई-सिम उतरवायलाच नेट लागतं. नेट नाही म्हणून ई-सिम घ्यायचं आणि ई-सिमसाठी नेट नाही, या पेचात विमानतळावर सापडू नका. एक अट मात्र तपासा: पॅकचे दिवस बसवल्यापासून मोजतात की तिकडचं नेटवर्क पकडल्यापासून? बसवल्यापासून मोजत असतील तर निघायच्या दिवशी बसवा.

क्यूआर कोड आला आहे त्याच फोनच्या पडद्यावर असेल तर तो त्याच फोनने स्कॅन कसा करणार? हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. कोड दुसऱ्याच्या फोनवर पाठवा, लॅपटॉपवर उघडा किंवा कागदावर छापून घ्या. मग सेटिंग्जमध्ये सिमच्या विभागात 'अ‍ॅड ई-सिम' असतं, तिथून स्कॅन करा. बहुतेक कोड एकदाच चालतात. एकदा बसवलेलं ई-सिम 'चालत नाही' म्हणून रागाने पुसून टाकलंत तर तोच कोड पुन्हा चालेलच असं नाही. बंद करून ठेवा, पुसू नका.

बसवल्यावर त्याला नाव द्या. फोन स्वतःहून 'सेकंडरी' असं काहीतरी ठेवतो, त्यापेक्षा 'युरोप नेट' ठेवा आणि भारतीय सिमला 'घरचा नंबर'. यानंतरचे चार बदल विमानातून उतरल्यावर करायचे आहेत, पण कागदावर आत्ताच लिहून घ्या:

'युरोप नेट' चालू करा.
मोबाइल डेटासाठी 'युरोप नेट' निवडा.
'युरोप नेट'चं डेटा रोमिंग चालू करा.
'घरचा नंबर'चं डेटा रोमिंग बंद ठेवा.

तिसरी आणि चौथी ओळ पुन्हा वाचा. रोमिंग म्हटलं की लोक घाबरून सरसकट बंद करतात आणि मग नेट येत नाही म्हणून डोकं धरून बसतात. प्रवासी ई-सिम हे कुठल्या तरी तिसऱ्याच देशाच्या कंपनीचं असतं, ते फ्रान्समध्ये रोमिंगवरच चालणार. पैसे आधीच भरलेले आहेत, त्यामुळे त्याचं रोमिंग निर्धास्त चालू करा. बिल फुगवतं ते भारतीय सिमचं डेटा रोमिंग.

आणखी एक लपलेला खटका आहे. एका सिमचं नेट कमजोर झालं की दुसऱ्या सिमवर आपोआप जाणारी सोय बऱ्याच फोनांत असते. आयफोनवर ती 'अलाऊ सेल्युलर डेटा स्विचिंग' नावाने, सॅमसंगसारख्या फोनांवर 'ऑटो डेटा स्विचिंग'सारख्या नावाने दिसेल. ती बंद. नाहीतर आल्प्सच्या एखाद्या बोगद्यात फोन गुपचूप घरच्या नंबरवर सरकतो.

घरच्या नंबरची तयारी

भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग कंपनीकडून सुरू करून घ्या, मग नेट दुसरीकडून घेणार असलात तरी. हे केलं नाही तर सिमला तिकडे नेटवर्कच मिळत नाही आणि ओटीपी येत नाही. रोमिंगमध्ये येणारे एसएमएस बहुतेक कंपन्यांकडे मोफत असतात, आपल्या प्लॅनमध्ये तसंच आहे ना ते कस्टमर केअरला विचारा. येणारे कॉल मोफत नसतात. पॅक नसेल तर उचललेल्या प्रत्येक कॉलचे पैसे. भारताची घड्याळं उन्हाळ्यात पॅरिसच्या साडेतीन तास पुढे असतात, म्हणजे आपल्याकडे सकाळी दहाला 'पर्सनल लोन हवंय का' म्हणणाऱ्या बाईंचा फोन तिकडे साडेसहाला खणखणतो. झोपेत उचललात तर कर्ज नको म्हणायचेही पैसे पडतात.

प्रीपेड असेल तर परतीच्या तारखेच्या पुढे जाईल इतकं रिचार्ज आधीच करून ठेवा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर चालू करा. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे तो आपण चालू केल्याशिवाय होत नाही. हे काम मुंबईत बसून दोन मिनिटांचं आहे, रोममध्ये दोन तासांचं.

व्हॉट्सअ‍ॅपची काळजी नको, ते जुन्याच नंबरवर चालू राहतं, नेट कुठल्याही सिमचं असो. नवीन सिम घातल्यावर ते 'नंबर बदलायचा का' असं विचारेल, तर 'नाही' म्हणा. आणि परदेशात असताना व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा टाकायचा उद्योग करू नका.

डेटा कुठे गळतो

मला एकटीला दहा दिवसांत पाच जीबी पुरले. बाबांचे तेवढेच तीन दिवसांत उडाले होते. फरक पडला तो फोटोंच्या बॅकअपमुळे. आपण स्वित्झर्लंडमधल्या टिटलिस डोंगराच्या ३,०२० मीटरवरच्या केबल कार स्टेशनवर व्हिडिओ काढतो, आणि फोन तो त्याच क्षणी गूगल फोटोजवर चढवायला लागतो. बॅकअप 'फक्त वायफायवर' असा करा. अ‍ॅप्सचे अपडेटही फक्त वायफायवर.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' उघडा. तिथे 'रोमिंगमध्ये असताना' काय आपोआप उतरवायचं ते ठरवता येतं. सगळ्या खुणा काढून टाका. सकाळच्या सुप्रभाताच्या गुलाबांसाठी युरो का मोजायचे? शेजारीच कॉलसाठी कमी डेटा वापरायचा पर्याय आहे, तो चालू करा. व्हिडिओ कॉल रात्री हॉटेलवरून.

नकाशे घरीच उतरवून घ्या. गूगल मॅप्समध्ये तुमच्या फोटोवर टिचकी मारली की 'ऑफलाइन मॅप्स' मिळेल. पॅरिस, रोम, अ‍ॅमस्टरडॅम असे एकेक शहर उतरवा. नेट नसताना हा नकाशा गाडीचा रस्ता सांगतो, मेट्रो-बसचा किंवा पायी जायचा सांगत नाही. तुम्ही कुठे आहात ते निळ्या ठिपक्याने मात्र दाखवतो, कारण जीपीएसला नेट लागत नाही, आणि हॉटेल शोधायला बहुतेकदा तेवढं पुरतं. मेट्रोच्या नकाशाचा फोटो वेगळा ठेवा. गूगल ट्रान्सलेटमध्ये फ्रेंच, जर्मन, इटालियन उतरवून ठेवा. शाकाहारी माणसाला मेनू कार्डावर कॅमेरा धरायला याचा फार उपयोग होतो. तिकिटं, हॉटेलांचे पत्ते, विम्याचा कागद यांच्या पीडीएफ फोनमध्येच ठेवा, मेलमध्ये नकोत.

उतरल्यावर

विमान थांबलं की घाई करू नका. एअरप्लेन मोड काढण्याआधीच कागदावरच्या चार ओळींपैकी शेवटची, घरच्या नंबरचं डेटा रोमिंग बंद, खात्री करून घ्या. मग मोड काढा आणि बाकीच्या तीन करा. पासपोर्टच्या रांगेत उभं राहून पाच मिनिटं थांबा, पहिल्यांदा नेटवर्क पकडायला वेळ लागतो.

नाहीच आलं तर या क्रमाने बघा. एअरप्लेन मोड अर्धा मिनिट लावून काढा. फोन बंद करून चालू करा. डेटासाठी सिम कोणतं निवडलंय ते बघा, आणि त्याचं रोमिंग. मग नेटवर्क 'ऑटोमॅटिक'वरून काढून हाताने दुसरं निवडा. तरीही वर दांड्या दिसतात पण पान उघडत नाही असं असेल, तर दोष बहुधा एपीएनचा आहे. एपीएन म्हणजे त्या कंपनीच्या नेटच्या दाराचं नाव. ते ई-सिमच्या मेलमध्ये लिहिलेलं असतं, सिमच्या सेटिंग्जमध्ये जसंच्या तसं टाका. तो मेल आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवलात ना? नेट नसताना मेल उघडणार नाही.

आणीबाणीत नेटची वाट बघू नका. ११२ हा नंबर सगळ्या युरोपियन युनियनमध्ये, ब्रिटनमध्ये आणि स्वित्झर्लंडमध्येही चालतो. आपल्याकडचाही तोच आहे, त्यामुळे पाठ करायला वेगळा नको.

फुकटचं वायफाय

काही गावांच्या चौकांत, वाचनालयांत 'वायफायफॉरईयू' नावाचं नेटवर्क दिसेल. ते युरोपियन युनियनच्या पैशातून बसवलेलं आहे, बिनधास्त वापरा. कॅफे आणि स्टेशनांवरच्या वायफायवर बातम्या वाचा, नकाशा बघा, पण बँकेचं अ‍ॅप तेवढं आपल्या मोबाइल डेटावर उघडा. हॉटेलसारखंच नाव देऊन कुणीही वायफाय उभं करू शकतं, म्हणून नेमकं नाव रिसेप्शनवर विचारून घ्या.

युरोपाबाहेर जाताना

दुबईत तिथल्या नेटवर व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल लागत नाहीत, निरोप आणि फोटो जातात. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर 'फोन का उचलत नाहीस' सुरू होतं. चीनमध्ये गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्ही बंद, पण भारतीय सिमच्या रोमिंगचं नेट भारतातून फिरून येतं, त्यामुळे त्यावर चालतं. तिथे रोमिंग पॅकच घ्या. दक्षिण कोरियात पायी फिरायला गूगल मॅप्सपेक्षा नेव्हर मॅप हे तिथलं नकाशाचं अ‍ॅप कामाचं. जपानमध्ये कुटुंब असेल तर विमानतळावर पॉकेट वायफाय भाड्याने मिळतं, एक डबी आणि चार-पाच फोन. परत करताना दिलेल्या पाकिटात घालून टपालपेटीत टाकायची. त्या डबीसाठी पॉवर बँक लागेलच, आणि पॉवर बँक कधीही चेक-इनच्या बॅगेत ठेवायची नाही, हातातल्या बॅगेतच. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्री-जी नेटवर्क बंद झालं, त्यामुळे आजोबांचा जुना बटणांचा फोन तिकडे नेण्यात अर्थ नाही.

परत आल्यावर

मुंबईत उतरल्यावर डेटासाठी पुन्हा 'घरचा नंबर' निवडा, नाहीतर नेट का चालत नाही म्हणून टॅक्सीत बसून कंपनीला शिव्या द्याल. बँकेच्या कार्डाचा परदेशातला वापर बंद करा. 'युरोप नेट' पॅकची मुदत संपली की मगच पुसा, आणि पुसताना दोनदा बघा, शेजारच्या ओळीत घरचा नंबर असतो.